मनाने लिहिलेले आकडे

रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता माझ्या नववीतल्या भाचीला आठवलं की उद्या गणिताचा प्रकल्प द्यायचा आहे. आपल्याकडे प्रकल्प दोन जातींचे. एक धरणाचा, एक शाळेचा. पहिल्यात गाव बुडतं, दुसऱ्यात आईबापांचा रविवार. पुनर्वसन दोन्हीकडे रखडलेलं.

विषय भारदस्त होता : 'वर्गातील विद्यार्थ्यांच्या दप्तरांचे वजन – सामग्रीचे संकलन, वर्गीकरण व सादरीकरण'. मी पोचलो तेव्हा सादरीकरण झालेलं होतं. आलेख कागदावर सात स्तंभ, प्रत्येकाला वेगळा स्केचपेन, मधला सगळ्यांत उंच, दोन्ही बाजूंना उतरत गेलेले. दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवावा इतका देखणा डोंगर. मी म्हटलं, "वा! आणि सामग्री कुठेय?"

"ती आता काढतेय ना मामा."

म्हणजे आलेखावरून उंची मोजायची, तेवढ्या ताळ्याच्या खुणा पाडायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आणि मग त्या खुणांवरून चाळीस दप्तरांची वजनं लिहून काढायची. नदी समुद्रातून उगम पावून डोंगरावर चढत होती.

"दप्तरं कधी मोजलीत?"

"मोजायची कशाला? मनाने लिहायची असतात. सगळे मनानेच लिहितात."

स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला, "दादा, तिला उगाच नादी लावू नकोस. साडेआठला पानं घ्यायचीत."

हा 'मनाने' शब्द मोठा गमतीचा आहे. मराठीच्या तासाला बाई म्हणतात, निबंध स्वतःच्या मनाने लिहा. पोरं तो गाइडमधून उतरवतात. गणिताच्या तासाला सर म्हणतात, आकडे मोजून आणा. ते मनाने येतात. दोन्ही वह्यांवर बरोबरची खूण होते आणि कुणाचंच मन दुखावत नाही.

पोरीला दोष द्यायची माझी तयारी नाही. नववीचं पुस्तक उघडून बघितलं. प्राथमिक सामग्री म्हणजे काय, दुय्यम सामग्री म्हणजे काय, हे तिथे व्यवस्थित सांगितलंय. स्वतः जाऊन गोळा केलेली ती प्राथमिक, दुसऱ्याने गोळा केलेली वापरली तर ती दुय्यम. व्याख्या पाठ झाली की संकलन संपतं. पुढची उदाहरणं 'खालील सारणीत...' अशीच सुरू होतात. सारणी कुणी केली, कुणाच्या दारात उभं राहून केली, किती दारं बंद होती, याचा पत्ता नाही. नळाला पाणी येतं तशी सामग्री येते, आणि धरण कुठे आहे हे शहरातल्या माणसाने विचारायचं नसतं.

शिवाय प्रकरणाची जागा बघा. नववीच्या बीजगणितात सांख्यिकी सातवं, दहावीत सहावं. दोन्ही पुस्तकांत शेवटचं. शेवटचं प्रकरण म्हणजे स्नेहसंमेलन आणि सराव परीक्षा यांच्या फटीत बसणारं. २९ जून हा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस, २००७ पासून देशभर 'सांख्यिकी दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळा उघडून जेमतेम पंधरवडा झालेला असतो आणि नववीचा वर्ग संच शिकत असतो. सांख्यिकीची पाळी येईपर्यंत महालनोबिसांचा फोटो कपाटामागे गेलेला असतो.

दहावीत गेल्यावर मध्य काढायच्या तीन पद्धती येतात : सरळ पद्धत, गृहीतमध्य पद्धत, मध्यप्रमाण विचलन पद्धत. तिन्हीचं उत्तर एकच. हातांनी गुणाकार करायच्या काळात मोठे आकडे लहान करायला ही युक्ती सोयीची होती, त्यात वावगं काही नाही. पण मला गृहीतमध्य फार आवडतो. उत्तर साधारण काय असावं हे आधी ठरवायचं आणि मग त्यापासून कोण किती ढळलंय ते मोजायचं. ही पद्धत मी आयुष्यभर पाहत आलोय, गणिताच्या तासाबाहेरच जास्त. समित्या बसतात त्या याच पद्धतीने. फरक इतकाच, की गणितात दुरुस्ती मिळवून शेवटी खरं उत्तर येतं.

तर मी तिला नादी लावलंच.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीला आहे. त्यामुळे त्यांच्याकडे बॅग तोलायचा लटकता काटा आहे. दर वर्षी भाजणी, मेतकूट आणि लोणची २३ किलोच्या आत बसवण्यात त्या काट्याची हयात गेली. काटा घेतला, आकड्यांची वही घेतली आणि मामा-भाची इमारतीत निघालो. विषयात 'वर्गातील' होतं, त्याचं आम्ही 'इमारतीतील' केलं. वर्ग रात्री बंद असतो.

पहिलंच दार. चौथीतला मुलगा दप्तर घेऊन आला आणि त्याने विचारलं, "बाटली धरायची का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. पाण्याची भरलेली बाटली म्हणजे जवळजवळ किलोभर. धरली तर दप्तर जड, सोडली तर हलकं, आणि पोराच्या खांद्याला विचारलं तर त्याला बाटली-वही कळत नाही, ओझं कळतं. डबा धरायचा का? रविवारी डबा घासून फडताळात असतो. रविवारचं दप्तर सोमवारच्या दप्तरासारखं असतं का? चित्रकलेची वही फक्त बुधवारी असते, तिचं काय? त्या दारात उभं राहून भाचीने ठरवलं, सगळीकडे उद्याचं दप्तर भरायला सांगायचं, रिकामी बाटली आत, डबा नाही. मग वहीत वर लिहून टाकलं. चाळीस आकडे मनाने लिहिताना तिला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. मनातल्या दप्तरांना बाटल्या नसतात.

दुसऱ्या दारात पोराने खालच्या घरातला आकडा ऐकला होता. त्याने "माझं जास्त भरेल" म्हणून आत जाऊन शब्दकोश टाकला. तिसऱ्या दारात वडिलांनी आधी विचारलं, "हे कुठे पाठवणार?" शाळेविरुद्ध तक्रार जाणार असा त्यांचा समज झाला, आणि आमच्यादेखत त्यांनी क्लासच्या दोन वह्या बाहेर काढल्या. एकाच जिन्यावर एक दप्तर वाढलं, एक घटलं. चौथ्या दारात आई म्हणाली, वजन घ्या पण नाव लिहू नका. तिचं बरोबर होतं. आम्ही त्यानंतर कुणाचंच नाव लिहिलं नाही.

खरी पंचाईत पुढे होती. नुसत्या दप्तराच्या वजनाला अर्थ नाही. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात म्हटलंय की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. चाळीस किलोच्या पोराला चार किलो. म्हणजे पोरांनाही काट्यावर उभं करायला हवं. वजनकाटा आला, आणि आठवीतली एक मुलगी दप्तर ठेवून आत निघून गेली. दुसरीने लांबूनच सांगितलं, "लिहा मनाने." तिसरा उभा राहिला पण शर्टाच्या खिशात हात घालून, कुणाकडे न बघता. भाचीने त्याचा आकडा मोठ्याने वाचला नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

नऊ दप्तरं झाली. इमारतीत शाळकरी पोरं एकवीस. उरलेली कुणी लग्नाला, कुणी मॉलमध्ये, दोन घरांत मालिका चालू होती म्हणून दार उघडलं नाही. नवांत सगळ्यांत जड दप्तर चौथीतल्याचं निघालं आणि सगळ्यांत हलकं दहावीतल्याचं. दहावीतला म्हणाला, पुस्तकं क्लासमध्येच ठेवतो, शाळेत एक वही नेतो. आता या नवांचा डोंगर काही होईना. पडक्या दातांसारखे स्तंभ, मध्येच मोकळी जागा.

बाटली धरायची का, हा प्रश्न मला त्या रात्री घरी आल्यावरही सुटला नाही, कारण तो फार जुना आणि फार मोठ्या माणसांचा प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे संख्याशास्त्रातलं जागतिक नाव झाले, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. त्याआधी १९४० च्या दशकात त्यांचा आणि महालनोबिसांचा वाद झाला तो पीक कापणीवरून. शेतात किती पिकलं हे काढायला सगळं शेत कापत नाहीत. एक तुकडा आखतात, तेवढ्यातलं पीक कापून तोलतात आणि त्यावरून हेक्टरी उतारा काढतात. महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा छोटा असला की उत्पन्न फुगतं. का? कारण दोरीवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे कापणारा माणूस ठरवतो, आणि माणसाचा हात त्या रोपाला आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकं त्यात दोरीवरच्या रोपांचं प्रमाण जास्त. गणित एवढंच. चांगल्या मनाने केलेली चूक, पण दर वेळी एकाच दिशेची.

खेड्यातल्या वाचकाला हे सांगायला नको. पीक कापणी प्रयोगाच्या वेळी बांधावर कोण कोण उभं असतं आणि कशाकडे बघत असतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पिकाच्या उताऱ्यावरून ठरणारी पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की वर, यावर गावाचं वर्ष ठरतं.

महालनोबिसही भाबडे नव्हते. बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी करताना त्यांना माणसं कळली होती. मोजणारे दमतात, चिखल असतो, ऊन असतं, झाडाखाली बसून मनाने लिहिणं सोपं असतं. त्यावर त्यांचा उपाय असा की एकाच मुलखात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवायच्या आणि मग दोघींचे आकडे शेजारी ठेवायचे. जुळले तर ठीक, नाही तर कुठेतरी झाड आहे. आमच्या शाळांत नेमकं उलटं होतं. शेजारी बसणाऱ्या दोन मुलींचे आकडे शेजारी ठेवले की ते शंभर टक्के जुळतात.

माझा एक जुना मित्र माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. त्याला फोन करून म्हटलं, अरे, पोरांना एकदा तरी बाहेर पाठवा ना आकडे गोळा करायला.

तो म्हणाला, "पाठवायला मी वर्गात असायला हवा. मीच बाहेर गोळा करतोय."

मग त्याने गेल्या वर्षभरात काय काय गोळा केलं ते सांगितलं. यू-डायसची माहिती. आधार जुळणी. शाळाबाह्य मुलं. मतदार यादीचं काम. पोषण आहारात आज किती जेवली, तांदूळ किती शिजला, किती उरला. शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं आणि त्याच दमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे अपवाद सांगतं. म्हणजे देशात सामग्री-संकलनाचा सगळ्यांत जास्त अनुभव ज्याच्या चपलांना आहे, तोच माणूस वर्गात येऊन फळ्यावर लिहितो, 'खालील सारणीत...'. आपल्या चपलांविषयी तो एक अक्षर बोलत नाही. अभ्यासक्रमात नाही.

"आणि खरे आकडे भरतोस का?" मी विचारलं. मैत्रीत असले प्रश्न चालतात.

"भरायला बसतो खरेच. पण एक पोर्टल असं आहे की तिथे शून्य लिहिलं की रकाना लाल होतो, पुढचं पान उघडत नाही."

"मग?"

"मग एक लिहितो. पान उघडतं."

त्या एकाचं पुढे काय होतं विचारा. तो तालुक्याला जातो, बेरजेत मिसळतो. जिल्ह्याला जातो, टक्केवारीत मिसळतो. राज्याला पोचेपर्यंत त्याचा रंगीत वृत्तालेख झालेला असतो आणि कुणीतरी मंत्री तो पडद्यावर दाखवून 'लक्षणीय वाढ' म्हणत असतो. शून्यावरून एकावर गेलं की वाढ लक्षणीयच.

जनगणनेचंच घ्या. २०११ ची शेवटची. त्यात महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३. तीनशे तेहतीस! शेवटचा माणूससुद्धा सुटलेला नाही. पुढची २०२१ ला व्हायची ती झाली नाही, आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. तोवर मुलांच्या प्रकल्पवह्यांतून हा आकडा शेवटच्या तीन तिऱ्यांसकट लिहिला जातोय. मधल्या काळात जन्मलेली पोरं आता स्वतः त्या वह्या लिहायला लागली, पण आकड्यात ती नाहीत.

चपला झिजवल्याचा एक नमुना पुण्याजवळच आहे. पवना नदीकाठचं पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आहेत आणि त्या इमारतींत आयटीतली कुटुंबं. शंभरेक वर्षांपूर्वी ते खेडं होतं, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन सहकाऱ्यांना घेऊन तिथे गेले. कुणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, खायला काय, मिळकत किती. सगळं घरोघर, शेतोशेत विचारून. १९१७ साली त्यांचं 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' निघालं. जुन्या नोंदी धुंडाळून त्यांनी दाखवलं की १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. त्याआधी शेतीचे तुकडे पडतायत हे सगळेच म्हणत होते. मनाने. मॅनने मोजलं. मन आणि मॅन यांच्यात लिहिताना एका चंद्राचाच फरक आहे, पण तो चंद्र डोक्यावर असताना माणूस बांधाबांधाने हिंडला होता.

आज त्याच पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीत पाहणी करायची तर व्हॉट्सॲपवर फॉर्मची लिंक येते, 'काकू प्लीज भरा, मुलाचा प्रोजेक्ट आहे.' काकू भरतात. दुचाकी असून चारचाकी लिहितात, कारण ग्रुपवर इतरही बघतील.

आकडे खरे आले तरी पुढे त्यांची वर्गवारी आहेच. गुणांची सारणी करताना पुस्तक ०-१०, १०-२०, २०-३०, ३०-४० असे वर्ग पाडतं. चाळीस गुण मिळवणारा पुढच्या वर्गात जातो हे पोरांना घोकवून घेतलं जातं. आता यातला ३०-४० हा वर्ग नीट बघा. त्यात ३४ वाला आहे आणि ३५ वाला आहे. घरात ज्या एकाच गोष्टीवरून रडारड किंवा पेढे होणार आहेत, तीच गोष्ट सारणीने एका बाकावर शेजारी बसवून झाकली. दोघांचाही वर्गमध्य ३५. म्हणजे हिशेबात नापासही पास. पंधराचे वर्ग पाडा, पाचाचे पाडा, चित्र पार बदलतं. कुठे वर्ग पाडायचे हे मात्र प्रश्नातच दिलेलं असतं. ज्याच्या हातात वर्ग पाडायची पट्टी, त्याच्या हातात गोष्ट. ही साधी गोष्ट सांगायला एक तासिका पुरेल. मिळत नाही.

आणि आलेख काय करू शकतो ते बघायचं तर २०१३ सालची गोष्ट आठवा. परदेशात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आयसीएसईच्या दहावीच्या निकालाचे गुण संकेतस्थळावरून उतरवून घेतले आणि कुणाला किती याचा साधा आलेख काढला. वर्ग न पाडता, एकेका गुणाचा. डोंगराऐवजी फणी निघाली. ८१ कुणालाच नाहीत. ८२ कुणालाच नाहीत. ८४, ८५ नाहीत. पासाच्या रेषेला टेकलेल्या ३२, ३३, ३४ या जागा ओस. कारण काय असेल ते असो. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या घरात गुणपत्रिका होत्या आणि ही गोष्ट कुणाला दिसली नव्हती. दहा-दहाचे वर्ग पाडले असते तर त्यालाही दिसली नसती.

दहावीच्या पुस्तकातला माझा सर्वांत लाडका शब्द राहिलाच : अक्षसंकोच. आलेखाचा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल, मधली जागा गाळली असेल, तर आरंभबिंदूपाशी एक छोटी वाकडी खूण करतात. बघणाऱ्याला कळावं की इथे काहीतरी दुमडलंय. त्या खुणेला अक्षसंकोच चिन्ह म्हणतात. मराठीत परिभाषा करणाऱ्या त्या अनाम माणसाला दंडवत. अक्षाला संकोच वाटला पाहिजे ही कल्पनाच किती सभ्य.

आमच्या चौकात एका क्लासचा फलक आहे. दोन स्तंभ. गेल्या वर्षी सरासरी ९२ टक्के, यंदा ९४. यंदाचा स्तंभ गेल्या वर्षीच्या दुप्पट उंच, कारण अक्ष सुरू होतो ९० पासून आणि वाकडी खूण कुठेच नाही. निःसंकोच आलेख. वर बाण, बाणाच्या टोकाला क्लासच्या संचालकांचा हसरा चेहरा. ज्या पोराने अक्षसंकोचावर परवाच एक गुण मिळवलाय, तोच पोरगा त्या फलकाखाली सायकल लावून आत जातो आणि मान वर करत नाही. पुस्तकातला अक्ष वेगळा आणि चौकातला वेगळा, हे त्याला कुणी न सांगताच समजलेलं असतं.

एक मात्र कबूल करतो. ज्यांना आकडे खरंच लागतात ते शिकतात, शाळा असो नसो. जत्रेत कासार बसतो. त्याच्याकडे दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशा मापांच्या बांगड्यांचे जुडगे असतात. कोणतं माप किती भरायचं, कोणत्या गावच्या जत्रेत ते बदलायचं, हे तो वहीत न मांडता सांगतो. सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या मापाला बहुलक म्हणतात हे त्याला माहीत नाही. चुकला तर दोन-आठचे जुडगे पाठीवर टाकून परत न्यावे लागतात, एवढं त्याला पुरतं. आणि खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला जुनी माणसं 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन... मोजणं हीच मोठी गोष्ट आहे, असं मानणारी ती माणसं होती. धान्य मनाने मोजलं तर मे महिन्यात कणगी खरं सांगते.

शुक्रवारी भाचीची वही परत आली. पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं : "एकूण २१ पैकी ९ दप्तरे मोजली. बाटली रिकामी होती. डबा धरलेला नाही. एका दप्तरात शब्दकोश नंतर टाकला. एका दप्तरातून दोन वह्या काढल्या. तिघांनी स्वतःचे वजन दिले नाही." खाली नऊ वजनं, खाली पडक्या दातांचा आलेख. त्याखाली लाल शाईत शेरा : 'निरीक्षणे अपुरी. स्तंभालेख सुबक नाही.' दहापैकी सहा. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला नऊ. चाळीस निरीक्षणं, देखणा डोंगर. तो डोंगर मी ओळखला; रविवारी साडेसातला आमच्याकडेच रंगवलेला होता. भाचीने सोमवारी सकाळी देऊन टाकला म्हणे, वाया कशाला घालवायचा.

मी तिला एवढंच सांगितलं की विल्यम प्लेफेअर नावाच्या गृहस्थाने १७८६ साली आपल्या पुस्तकात व्यापाराचे आलेख छापले. इंग्लंडच्या व्यापाराचे वर्षानुवर्षांचे आकडे होते, त्यांच्या रेषा काढल्या. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेषा होत नाही. म्हणून त्याने नाइलाजाने स्कॉटलंडशी व्यापार करणाऱ्या एकेका देशासाठी आयात-निर्यातीचे पट्टे काढले. आज आपण ज्याला स्तंभालेख म्हणतो तो तिथून रुळला. निरीक्षणे अपुरी होती.

"त्याला किती मार्क मिळाले?" तिने विचारलं.

इमारतीतली बारा दप्तरं अजून मोजायची आहेत. काकूंचा मुलगा थेट दिवाळीत यायचाय, तोवर काटा माझ्याकडेच आहे. तुमच्या घरी शाळेत जाणारं पोर असेल तर आज रात्री त्याचं दप्तर काट्याला लावून बघा, आणि बाटली धरली की नाही ते आकड्याशेजारी लिहा. काटा हवा असेल तर माझ्याकडून घेऊन जा. सेल तेवढे आपापले आणा.